विष्णुपंतांनी काशीत काय सोडलं

दूधविनायक, काशी
पौष शु. ३, शके १८५४

चि. सौ. गंगूस ढुंढिराजदादाचे आशीर्वाद.

पत्र तुला असलं तरी काम तुझ्या यजमानांकडे आहे. त्यांना सरळ लिहिण्याचं धाडस होत नाही, म्हणून तुझ्या आडून लिहितो.

इथल्या मराठी मंडळींचं कला-प्रदर्शन यंदाही वसंत पंचमीला पाठशाळेच्या दालनात भरेल. चित्रं, मातीच्या मूर्ती, कशिदे, सुपारीवरचं कोरीवकाम, सगळं येतं. या गल्ल्यांत कलावंतांना तोटा नाही. तोटा आहे तो परीक्षकाचा. गेल्या वर्षी परीक्षक आमच्या दूधविनायकाचे होते आणि पदक दूधविनायकातच राहिलं. तेव्हापासून शिंदे घाटावरच्या बायका आमच्याकडे हळदीकुंकवाला येत नाहीत, आणि गणपतीच्या प्रसादाला तिकडच्या पुरुषांनी आमच्याकडे पाठ करून पानं मांडली. त्याआधी परीक्षक शिंदे घाटाचे होते. तेव्हा पाठ आम्ही केली होती.

आता पुन्हा तसंच झालं तर मंडळ फुटेल आणि भाद्रपदात दोन गणपती बसतील. मी गावच्या शाळेतून उठून इथे आलो तेव्हापासून एकाच मखरापुढे हात जोडत आलो. दोन मखरं झाली तर उभं कुठे राहावं हे मला कळणार नाही.

अध्यक्ष वेणीमाधवशास्त्री म्हणाले, "ढुंढिराज, असा माणूस आणा, ज्याला दोन्हीकडचं काहीही आवडणार नाही." मला एकदम विष्णुपंत आठवले. ते नामांकित ड्रॉइंगमास्तर. शिवाय स्वतःच्या लग्नात अंतरपाट वाकडा धरला म्हणून मंगलाष्टकं थांबवणारा नवरदेव मी दुसरा पाहिला नाही. ते सगळ्यांना सारखंच झोडपतील, आणि ज्याला कमी लागेल त्याला पदक. तेवढं त्यांना विचार. तुझी अन्नपूर्णावहिनी त्यांची राहण्याची सोय नीट ठेवील.

बकुळीच्या लग्नाचं कुठवर आलं?

ढुंढिराज

•

वाई
पौष शु. १२

ती. दादांच्या पायांवर गंगूचं मस्तक.

तुमचं पत्र इकडे वाचून झालं. त्यात दोन चुका निघाल्या, त्या वेगळ्या कागदावर पाठवल्या आहेत. बाकी येण्याचं कबूल केलं आहे. "काशीला चित्रकला असेल असं वाटत नाही, पण खात्री करून घेतो," असं म्हणणं पडलं.

बकुळीचं काय लिहू? एकोणिसावं सरत आलं. स्थळं येतात आणि जिन्यावरूनच परत जातात. एका मुलाचे कान एका रेषेत नव्हते. एकाच्या वडिलांची सही उतरती होती. एका घराचा ओटा रस्त्याला काटकोनात नव्हता. बकुळ म्हणते, "आई, बाबा आहेत तोवर मला भीती नाही." तिला पुण्याला जाऊन मास्तरीण होण्याच्या वर्गात बसायचं आहे. बाबांनी त्यालाही नावं ठेवली. तिथली जाहिरात छापताना ओळी खालीवर झाल्या होत्या म्हणे.

मला काय वाटतं असं तुम्ही मागे विचारलं होतं. दादा, मी काही बोलले की ते माझं वाक्य सुधारून देतात. वाक्य सुधारतं आणि म्हणणं तिथेच राहतं. म्हणून आता वाटून घेत नाही.

त्यांना दूध गाळून द्यायला वहिनींना सांगा. दोनदा.

गंगू

•

दूधविनायक
पौष व. १२

चि. सौ. गंगूस आशीर्वाद.

विष्णुपंत सुखरूप पोचले. पहिल्या दिवशी त्यांनी स्टेशन, एक्का, आमची गल्ली, आमचा उंबरठा आणि उंबरठ्यावरची माझी पावलं यांतल्या उणिवा सांगितल्या. संध्याकाळी घाटाच्या पायऱ्या पाहून म्हणाले, की एवढी जुनी नदी, पण तिला अजून सारख्या उंचीच्या पायऱ्या मिळू नयेत. मंडळी खूश झाली. वेणीमाधवशास्त्री माझ्या कानाशी म्हणाले, "हिरा आणलात."

दुसऱ्या दिवशी मुन्शी घाटावर गंगास्नान झालं. तेव्हापासून अगदी शांत आहेत. काल तुझ्या वहिनीच्या कढीला "छान" म्हणाले.

काळजीचं काही नाही. सविस्तर पुढे लिहीन.

ढुंढिराज

•

वाई
माघ शु. २

ती. दादांना नमस्कार.

खरं काय ते सांगा. "छान" म्हणाले? ताप किती आहे? वैद्यांना जीभ दाखवली का? लग्न झाल्यापासून हा शब्द मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकला, आणि तो खग्रास ग्रहणाला होता.

बकुळ म्हणते, गर्दीत गाडीतून दुसरेच कुणी उतरून तुमच्या घरी आले असतील. त्यांच्यापुढे एखादी वाकडी रेघ ओढून पाहा आणि काय म्हणतात ते उलट टपालानं कळवा. माझा जीव थाऱ्यावर नाही.

गंगू

•

दूधविनायक
माघ शु. ८

चि. सौ. गंगूस आशीर्वाद.

रेघ ओढून पाहिली. "मोकळी आहे," म्हणाले.

आता लपवण्यात अर्थ नाही. काशीला आलेला माणूस आपली एखादी आवडती वस्तू गंगेला वाहून ती जन्मभरासाठी सोडतो, हे तुला ठाऊक आहे. आपल्या आजीनं फणस सोडला होता. हल्लीचे लोक पडवळ सोडतात, कारलं सोडतात. त्या दिवशी आम्ही कमरेइतक्या पाण्यात उभे होतो आणि शेजारी एक गृहस्थ दोडका सोडत होते. विष्णुपंतांनी त्यांना विचारलं, "आपल्याला दोडका फार आवडतो का?"

"छे हो, वास सहन होत नाही."

विष्णुपंत भडकले. "मग हे सोडणं कसलं? सोडायचं तर सगळ्यांत प्रिय असेल ते सोडावं!"

आमचे उपाध्याय तयारीतच होते. म्हणाले, "तो आप ही छोड़िए, महाराज."

पाणी बर्फासारखं होतं. विष्णुपंत डोळे मिटून उभे राहिले. दात वाजत होते, पण ते खरोखर आत शोधत होते. त्यांना खोटं बोलता येत नाही, एवढं आपण त्यांच्याबद्दल कबूल केलं पाहिजे. मग म्हणाले, "दोष दाखवणं."

उपाध्यायांनी माझ्याकडे पाहिलं. "पंडितजी, ये कौन सा फल हुआ?"

मी तोंड उघडायच्या आत विष्णुपंतांनी ओंजळीतलं पाणी सोडलंसुद्धा.

मला वाटलं, घरापर्यंत टिकणार नाही. वाटेत गल्लीत एका सांडानं त्यांच्या उपरण्याचं टोक चावून खाल्लं. ते म्हणाले, "प्राणी रुबाबदार आहे."

मी शास्त्रीमंडळींकडे धावलो. त्यांनी सभाच भरवली. विष्णुपंतांनी माणसांचे दोष सोडले, की वस्तूंचेही? एक पक्ष म्हणाला, चित्र ही वस्तू आहे, तिचे दोष खुशाल दाखवावेत. दुसरा म्हणाला, चित्र वाकडं म्हणजे हात वाकडा, आणि हात माणसाचा. दिवेलागण झाली तरी निकाल लागेना. शेवटी कुणीतरी विष्णुपंतांनाच विचारलं, कोणता पक्ष बरोबर. ते म्हणाले, "दोन्ही."

तर अशा स्थितीत प्रदर्शन उघडलं. शिंदे घाटाच्या नीलकंठभटांनी गंगावतरणाचं मोठं चित्र आणलं होतं. त्यात गंगा शंकराच्या जटेत न पडता कानात पडते आहे. सगळं दालन श्वास रोखून उभं. विष्णुपंत म्हणाले, "कान थंड राहिला की डोकं थंड राहतं. उत्तम. पहिला क्रमांक." पुढे दूधविनायकाच्या विश्वेश्वराचा मातीचा हत्ती होता. तो पडू नये म्हणून विश्वेश्वरानं त्याला पाचवा पाय लावला होता. "असा हत्ती कधी पडायचा नाही. उत्तम. पहिला क्रमांक." असं करत ते दालनाच्या टोकाला गेले. तिथे केरसुणी भिंतीला टेकून ठेवली होती. तिच्यापुढेही ते थांबले. "काडी न् काडी एका दिशेला आहे," म्हणाले, आणि तिलाही पहिला क्रमांक दिला.

पदक एकच. शास्त्रीबुवा डोकं धरून बसले. शेवटी घाटावरच्या उपाध्यायांची जशी पाळी लागते तशी पदकाची पाळी लावली. रोज एका घरी. केरसुणीलाही पाळी आहे, कारण तिला वगळलं तर परीक्षकांचा अपमान होतो. त्या दिवशी पदक पाठशाळेच्या कोपऱ्यात लटकेल. वाटलं, मिटलं. तर आता एकादशीची पाळी कुणाकडे यावी यावरून दोन्हीकडच्या काठ्या बाहेर आल्या आहेत.

ढुंढिराज

•

वाई
माघ शु. १४

ती. दादांना गंगूचे साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं आणि देवापुढे साखर ठेवली. वहिनींना माझ्यातर्फे उपाध्यायांना दोन धोतरं द्यायला सांगा.

मी काल दारात रांगोळी काढली. ती मुद्दाम काही मोजमाप न करता काढली. एक पाकळी दुसरीपेक्षा मोठी झाली आणि मी ती तशीच राहू दिली. बकुळ शेजारी येऊन बसली. दोघी हसत बसलो. दूधवाला म्हणाला, "काय बाई, मास्तर गावाला गेलेत वाटतं?"

पदकाचं काय व्हायचं ते होवो. इकडची स्वारी परत येण्याची घाई करू नये. त्या पाण्यात आणखी एकदोन स्नानं होऊ द्यावीत, म्हणजे पक्कं होईल.

गंगू

•

दूधविनायक
माघ व. ३

चि. सौ. गंगूस आशीर्वाद.

तुझी साखर अजून देवापुढे असेल तर उचलून ठेव.

शिंदे घाटाच्या मंडळींनी एक डोकं लढवलं. पुढच्या वर्षीही परीक्षक म्हणून विष्णुपंतच येणार असं धरून त्यांनी ठरवलं, की त्यांना घाटाचे व्याही करून टाकावं. जावयाचं पदक सासरा पाळीत कसं ठेवील? म्हणून परवा नीलकंठभट स्वतःसाठी बकुळीला मागणी घालायला आले. नीलकंठभट म्हणजे तेच, कानात गंगा सोडणारे. चाळिशी उलटली आहे. पहिली बायको वारली. तीन मुलं आहेत आणि थोरल्यालाच आता मुली सांगून येतात. विष्णुपंतांनी सगळं ऐकून घेतलं. "संसार तयार आहे. बकुळीला काही जमवावं लागणार नाही. उत्तम," म्हणाले, आणि शब्द दिला.

ही बातमी गल्ली ओलांडायला कितीसा वेळ लागणार? दुसऱ्या दिवशी सकाळी दूधविनायकाकडून विश्वेश्वराचे वडील आले. विश्वेश्वर हा पाच पायांच्या हत्तीचा धनी. मुलगा तरुण आहे, पण शास्त्री परीक्षेत सारखा नापास होतो म्हणून वडिलांनी त्याला पास होईपर्यंत मौन धरायला लावलं आहे. दसऱ्यापासून बोललेला नाही. "न बोलणारा जावई कुणाला मिळतो? उत्तम," म्हणून विष्णुपंतांनी त्यांनाही शब्द दिला.

मी म्हटलं, "पंत, काल एकाला शब्द दिला आहे."

"तोही चांगलाच आहे."

"मुलगी एक आहे, पंत! कुणाला तरी नाही म्हणावं लागेल."

"नाही म्हणायला कारण लागतं," ते म्हणाले. "आणि कारण म्हणजे दोष." असं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गंगू, त्यांचा चेहरा बुडणाऱ्या माणसासारखा होता. त्यांना सगळं दिसतं आहे. दिसत नाही असं नाही.

दोन्ही घरांचा जोशी एकच आहे आणि चांगला मुहूर्तही एकच निघतो. फाल्गुन शुद्ध द्वितीयेला दोन्ही घरची माणसं साखरपुड्याला आमच्या घरी येणार आहेत. तुझी वहिनी म्हणते, "एका मुलीचे दोन साखरपुडे! मी पोहे भिजवू तरी किती? आणि कुठल्या समधीला आधी वाढू?"

मी रोज ढुंढिराज गणपतीपुढे जाऊन उभा राहतो. मागायचं काय ते कळत नाही. एखाद्याचं व्रत मोडावं असं देवाकडे कुणी मागतं का? मी नुसताच उभा राहून परत येतो. तूच काहीतरी कर. लौकर कर.

ढुंढिराज

•

वाई
माघ व. ९

ती. दादांना नमस्कार.

तुमचं पत्र बकुळीनंच मोठ्यानं वाचलं. ती रडली नाही. पत्र घडी करून तिनं विचारलं, "आई, तू काय म्हणतेस?"

या घरात मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी चुलीपुढे बसून राहिले. दूध उतू गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उत्तर दिलं.

सोबत बंद पाकीट आहे. ते इकडच्या स्वारीच्या हातात द्यावं. लग्न झाल्यावर पहिल्या श्रावणात मी माहेराहून त्यांना एक पत्र लिहिलं होतं. ते तांबड्या पेन्सिलीनं तपासून परत आलं. त्यानंतरचं हे दुसरं.

तुम्ही वाचू नका. तुम्हालाही माझं अक्षर लावायला त्रास होईल आणि तुम्ही मध्येच काहीतरी सुचवाल.

वहिनींना सांगा, पोहे एकदाच भिजवा.

गंगू

•

दूधविनायक
फाल्गुन शु. ४

चि. सौ. गंगूस अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट प्रतिपदेला आलं. विष्णुपंतांनी ते घेतलं, वरचा पत्ता वाचला आणि न उघडता सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं. मी विचारलं तर म्हणाले, "उघडायला धीर होत नाही." मला वाटलं, सगळं संपलं.

द्वितीयेला सकाळीच दोन्हीकडची मंडळी आली. दूधविनायकाची उजवीकडे बसली आणि शिंदे घाटाची डावीकडे. अर्थात पाठीला पाठ लावून. दोन ताटांत साखर, दोन नारळ. नीलकंठभटांची तिन्ही मुलं नव्या टोप्या घालून आली होती, आणि धाकटा वहिनीला विचारत होता, "हमारी नई माई कहाँ हैं?" वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं त्याला पोहे दिले. विश्वेश्वर भिंतीशी बसून अंगठ्यानं जमीन उकरत होता.

वेणीमाधवशास्त्री मध्ये उभे राहिले. "विष्णुपंत, आता सांगा, साखर कुणाची उचलायची?"

विष्णुपंत उठले. एका ताटाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं. मग त्यांचा हात खिशाकडे गेला आणि त्यांनी तुझं पत्र काढलं. आधी मनाशी वाचलं. मग आम्हा सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचलं. त्यांच्या आवाजात ऐकलेलं तुझं पत्र मला पाठ झालं आहे.

"आपल्या चरणी नमस्कार. या पत्रात चुका असतील. आपण त्या दाखवणार नाही असं कळलं, म्हणून लिहिते. ही दोन्ही स्थळं बकुळीला नकोत. मलाही नकोत. ती जूनपासून पुण्याला मास्तरणीच्या वर्गात जाईल. मी तिला हो म्हटलं आहे. यात काही चूक असेल तर कळवावं."

गंगू, खालच्या गल्लीत कचौडीवाल्याची कढई चुरचुरत होती. विष्णुपंतांनी पत्र पुन्हा डोळ्यांजवळ धरलं. ओठ हलत होते. किती वर्षांची सवय. वहिनी दारातून म्हणाली, "बोला ना, पंत. आहे का कुठं चूक?"

"नाही," ते म्हणाले. "कुठेही नाही."

मग जो गलका झाला! नीलकंठभट ओरडले, "मास्टरजी, ज़बान दी थी आपने!" पंत म्हणाले, "दिली होती. आपण म्हणता ते खरं आहे." विश्वेश्वराचे वडील म्हणाले, "ही फसवणूक आहे." पंत म्हणाले, "आपल्याला तसं वाटणं योग्यच आहे." कुणी म्हणालं, असला परीक्षक पुन्हा काशीत नको. तेही त्यांना पटलं. जो माणूस प्रत्येक गोष्ट कबूल करतो त्याच्याशी भांडायचं कसं, हे दोन्हीकडच्या मंडळींना कळेना. त्यांचे हात हवेतच राहिले.

तेवढ्यात भिंतीशी बसलेला विश्वेश्वर ताडकन उठला आणि म्हणाला, "हमें तो शादी करनी ही नहीं थी!"

मौन मोडलं! शिंदे घाटाचे शास्त्री गर्रकन वळले. म्हणाले, याला प्रायश्चित्त आहे. दूधविनायकाचे म्हणाले, नाही, हा आपद्धर्म आहे. वळताना सगळे समोरासमोर आले हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. बकुळीला सगळे विसरले. वाद रंगला, तशी वहिनीनं दोन्ही ताटांतली साखर एकत्र करून शिरा केला. मंडळींनी तो एकमेकांच्या पानांत वाढून घेत खाल्ला आणि वाद पुढे चालू ठेवला. मला वाटतं भाद्रपदात गणपती एकच बसेल. दोन बसले तर भांडायला समोर कुणी उरणार नाही, हे दोन्हीकडे उमगलं असावं.

विष्णुपंत त्या सगळ्यात गच्चीत जाऊन बसले होते. मी वर गेलो. गंगा दिसत होती. काहीजण फुलं सोडत होते, काहीजण राख. ती सगळं घेत होती. पंत म्हणाले, "तिला दिसत नसेल असं नाही, ढुंढिराज." मग त्यांनी विचारलं, "गंगूचं अक्षर असं वळणदार केव्हापासून आहे?" मी म्हटलं, लहानपणापासून.

उद्याच्या गाडीनं निघत आहेत.

ढुंढिराज

•

वाई
ज्येष्ठ शु. ९, शके १८५५

ती. दादांना गंगूचा नमस्कार.

इतके दिवस पत्र लिहिलं नाही, रागावू नका. घरात लिहिण्यासारखं खूप होतं आणि सगळं "उत्तम" होतं.

इकडची स्वारी आली तेव्हा मी पहिल्या दिवशी आमटीत मीठ घालायला विसरले. "उत्तम." दुसऱ्या दिवशी मुद्दाम दुप्पट घातलं. "उत्तम." मग मात्र मला राग आला. म्हटलं, या माणसाला चव कळते की नाही? ते म्हणाले, "कळते," आणि तांब्याभर पाणी प्यायले. तेव्हापासून आमटी मी नीट करते. शाळेत त्यांच्या वर्गातली सगळी मुलं पहिली आली. हेडमास्तर आधी घाबरले, मग तपासणीला साहेब आले तेव्हा त्यांनी यांनाच साहेबांच्या शेजारी बसवलं. असं कौतुक त्या साहेबांचं जन्मात कुणी केलं नसेल. शाळेला नव्या बाकांची मंजुरी मिळाली.

पण तुम्ही लिहिलं होतं ते खरं आहे. त्यांना सगळं दिसतं. परवा भिंतीवरची तसबीर तिरकी झाली होती. ते तिच्यापुढे उभे राहिले, हात मागे बांधून, किती तरी वेळ. मी गेले आणि सरळ केली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पदरानं उगीचच काच पुसत राहिले. आता असं बरंच चालतं. ते पाहतात आणि मी बोलते. "ओटा पुसायचा राहिला आहे, हे मी म्हणते." "बरोबर आहे." आमच्या घरात इतकी वर्षं एकच माणूस बोलत होता. अजूनही एकच बोलतो.

काल बकुळ पुण्याला गेली. मोटारीच्या अड्ड्यावर आम्ही दोघं पोचवायला गेलो होतो. ट्रंकेवर तिचं नाव यांनीच रंगवलं, सुरेख. ती वाकून नमस्कार करताना म्हणाली, "बाबा, काही सांगायचं आहे?" ते म्हणाले, "काही नाही. सगळं ठीक आहे." मोटार वळणापलीकडे गेली. धूळ खाली बसली तरी हे तिथेच उभे.

घरी येऊन पाटावर बसले. मी दोनच पानं घेतली. त्यांनी तिसऱ्या पाटाच्या जागेकडे पाहिलं. म्हणाले, "घर..." आणि थांबले. भाताचा घास हातातच होता. मी वाट पाहिली. तेही वाट पाहत होते, दादा, माझ्याकडे बघत, त्या तसबिरीपुढे उभे होते तसे.

मी म्हटलं, "घर अगदी रिकामं वाटतंय. हे मी म्हणते."

"बरोबर," ते म्हणाले. "अगदी बरोबर." आणि मग रडले.

मी भात वाढला.

गंगू